मखमलीची उजवी बाजू

पडदा नव्हता. शनिवारी दुपारी बादली आणि फडकी घेऊन मी नेहमीसारखी चर्चच्या बाजूच्या दाराने आत शिरले, बादली टेकवली, सवयीने समोर पाहिलं, तर व्यासपीठामागे नुसती भिंत. चार ठिकाणी पोपडे आलेली, आणि वर पितळी दांडीत अडकलेल्या रिकाम्या कड्या. घरी यावं आणि कपाटच जागेवर नसावं, तसं झालं. चोरी झाली असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. मनात जे आलं ते सांगायला लाज वाटते. मनात आलं, आता उद्या उपासनेत मी बघू कुठे? अकरा वर्षं दर रविवारी मी त्या पडद्याकडे बघत बसले होते. लोक डोळे मिटून प्रार्थना करायचे आणि मी टक्क उघड्या डोळ्यांनी पडद्याची उजवी बाजू बघायचे. पाळकांना वाटायचं, ह्या बाई किती मन लावून ऐकतात. एकदा त्यांनी तसं बोलूनही दाखवलं, आणि मी "कसचं कसचं" म्हणून चप्पल शोधायला वाकले.

तो पडदा मी कापला होता. आमचं वर्कशॉप मोठ्या पडद्यांचं. नाटकगृहं, हॉटेलं, सभागृहं सगळ्यांचे पडदे आम्ही करतो, आणि कापणीच्या टेबलावर मी असते. मखमल कापणं म्हणजे काय ते न कापलेल्याला सांगून कळत नाही, तरी सांगते. मखमलीला लव असते, मांजराच्या पाठीसारखी. एका दिशेने हात फिरवला तर गुमान बसते, उलट फिरवला तर उभी राहते. लव वर जाणारी असली तर रंग गडद दिसतो, खाली येणारी असली तर तोच रंग फिका आणि चकचकीत. म्हणून एका पडद्याचे सगळे तुकडे एकाच दिशेने कापायचे. कापडाच्या मागे खडूने बाण काढायचा आणि त्या बाणाबाहेर जायचं नाही. साध्या कापडाला ही भानगड नसते. साध्या कापडात एक तुकडा सुलटा मांडायचा, दुसरा उलटा, एकाचं डोकं इकडे तर दुसऱ्याचं तिकडे, म्हणजे वरच्या कमानीचे बाक एकमेकांत बसतात आणि कापड वाचतं. मी आधीच्या ठिकाणी सोळा वर्षं साधं कापड कापलं होतं. चर्चच्या पडद्याला वर अशीच कमान होती, अर्धी डाव्या बाजूला, अर्धी उजव्या. हात आपोआप गेला. मी उजवी बाजू उलटी मांडली, बाण काढायचा राहिला, आणि वर हातभर कापड वाचलं म्हणून स्वतःवर खूश होऊन चहा प्यायला गेले.

टांगल्यावर दिसलं. डावी बाजू दाट, पिकल्या जांभळासारखी, आणि उजवी जणू दुसऱ्याच कोणाच्या घरातून आणून लावलेली. शिडीवरचा माणूस उतरला आणि मागे सरून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे बघायला लागला. आमचे मास्तर, म्हणजे वर्कशॉपचे मालक, तिथेच उभे होते. ते म्हणाले, "हे जोडलं कोणी?" आणि माझ्याशेजारी उभी असलेली शिलाईची बाई म्हणाली, "मी." बस. एवढंच झालं. एका शब्दाचा कारभार. प्रश्न चुकीचा होता, कारण ज्या तुकड्याला वर कमान आहे तो शिवणाऱ्याला उलटा लावताच येत नाही. उलटा असेल तर तो कापणाऱ्यानेच केलेला. मास्तरांनी "कापलं कोणी" असं विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. असं मी अकरा वर्षं म्हणत आले. खरं म्हणजे मी माझ्या चपलेच्या पट्ट्याकडे बघत होते आणि मनात हिशोब चालला होता की नोकरी पक्की व्हायला नऊ दिवस आहेत. तीन महिने बघू मग ठरवू, असं बोलून मास्तरांनी मला घेतलं होतं. नवरा जाऊन वर्ष झालं नव्हतं, मुलगी सातवीत होती. ही सगळी कारणं खरी आहेत. त्यांनी काही होत नाही, तेही खरंच आहे.

शिलाईच्या मुख्य टेबलावर ती बाई येणार हे जवळजवळ ठरलं होतं. ते राहिलं. मास्तरांनी तिला कोपऱ्यातल्या टेबलावर पडद्यांच्या खालच्या दुमडी शिवायला बसवलं, आणि तिचं नाव पडलं मखमलताई. चिडवायला म्हणून पडलेलं नाव. पुढे चिडवणं गळून गेलं आणि नाव तेवढं राहिलं. नवीन आलेल्या मुलींना वाटतं, बाई मऊ आहेत म्हणून मखमलताई. मी मात्र हाक मारताना दर वेळी अडखळायचे. मला पक्कं केलं, चार वर्षांनी मुख्य कापणारी केलं, आणि मी मखमलताईंना "अहो ताई" म्हणायला लागले, नुसतं ताई. मी स्वतःला सांगितलं होतं की त्या गडबडल्या असणार, आपलीच चूक झाली असं त्यांना वाटलं असणार. तीस वर्षं मशीनवर बसलेली बाई, डोळे मिटून कापडाची जात सांगणारी, आणि तिला लव कळली नाही, असं मी स्वतःला सांगितलं आणि स्वतःच मान डोलावली. चर्चमध्ये त्या दुसऱ्या बाकावर बसायच्या, मी पाचव्या. त्यांच्या शेजारी बाकावर त्यांची कापडी पिशवी असायची. मला वाटायचं, ती माझ्यासाठीच ठेवलेली आहे, चुकून मी जाऊन बसू नये म्हणून. मग मी म्हणायचे, नाही, त्यांना काय माहीत. एकाच वेळी दोन्ही वाटायचं. माणसाच्या मनात बरंच काही मावतं.

पडदा लागल्यानंतरच्या तिसऱ्या शनिवारी मी खिडक्या पुसायला सुरुवात केली. कोणी सांगितलं नव्हतं. चौदा खिडक्या, उंच, धुराने आणि धुळीने काळवंडलेल्या. एका शनिवारी सात, पुढच्या शनिवारी सात. पहिल्या दिवशी हात धरले, रात्रभर दुखले, आणि मला बरं वाटलं. हे कुठून आलं ते मला ठाऊक आहे. बाबा रविवारी चर्चमध्ये मुलांना दहा आज्ञा शिकवायचे आणि उरलेले सहा दिवस घरी आमच्यावर त्यांची तालीम घ्यायचे. स्वयंपाकघराच्या दारामागे खडूच्या रेघा असायच्या. खोटं बोललं, एक रेघ. उलट उत्तर, एक रेघ. शेजारणीच्या बाहुलीचा हेवा केला आणि तो तोंडावर दिसला, एक रेघ. शनिवारी जितक्या रेघा तितक्या फरशा घासायच्या, मग बाबा ओल्या फडक्याने दार पुसायचे आणि म्हणायचे, "झाली पाटी कोरी." बाबा वाईट नव्हते. घासून झालं की स्वतः माझे गुडघे पुसायचे. पण आई जाता येता कोपराने एखादी रेघ पुसून टाकायची, भांडी उचलता उचलता, जणू चुकून. मी ते बघितलं होतं. आणि मी काय करायचे, तर आई वळली की खडू घेऊन ती रेघ परत काढायचे. स्वतःची रेघ स्वतः. आठ वर्षांची होते. मला आईची लबाडी सहन व्हायची नाही. एकदा तिने मला पकडलं. रागावली नाही. म्हणाली, "अगं, बाबांना फसवायला नाही पुसली. मला ती तिथे नको होती म्हणून पुसली." ती गेल्यावर मी रेघ काढलीच.

तेव्हा खिडक्या. माझी मुलगी मोठी झाल्यावर म्हणायची, "आई, तू देवाच्या घरची मोलकरीण आहेस का गं?" मी म्हणायचे, व्यायाम होतो. पाळकांशी मात्र एकदा माझं वाजलं. वयाने माझ्या मुलीपेक्षा थोडे मोठे, हसरे, बोलताना हात फार हलवणारे. त्या रविवारी ते नियमशास्त्र आणि कृपा यांवर बोलले होते. नियम आपल्याला कुठे कमी पडलो ते दाखवतो, म्हणाले, पण भर घालत नाही. भर येशू घालतो, आणि ती कमावता येत नाही, घ्यावी लागते. उपासना संपल्यावर मी दारात त्यांना अडवलं. म्हटलं, "कृपा अशी फुकट वाटली तर उद्या खिडक्या कोण पुसेल?" ते म्हणाले, "ताई, राहतं घर माणूस पुसतोच की." मला ते पटलं नाही. घर आपलं असेल तर ठीक आहे. मी तिथे घर म्हणून जात नव्हते, हजेरी द्यायला जात होते. पण हे त्यांना सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

आणि आता पडदा नव्हता. मी बादली तशीच ठेवून मागच्या खोलीत गेले. पाळक उद्याच्या गीतांचे कागद लावत होते. म्हणाले, "उतरवला तो. विरला होता फार. आता भिंतीला रंग देऊन साधीच ठेवू म्हणतोय." मी विचारलं, पडदा कुठे आहे? "तुमच्या मखमलताईंनी मागून घेतला. त्यांचं येत्या शुक्रवारपर्यंतच काम आहे ना, मग वेळच वेळ. म्हणाल्या, काहीतरी करीन त्याचं." त्यांचं काम संपतंय हे मला माहीत होतं. डोळे साथ देत नव्हते, दुमडीसुद्धा वाकड्या जायला लागल्या होत्या. शुक्रवारी चार वाजता मास्तर दोन शब्द बोलणार, सगळे हसणार, कोणीतरी मखमलीची गोष्ट काढणार, आणि मी टाळ्या वाजवणार. हे सगळं मला माहीत होतं आणि तरी मी म्हणत होते, बघू. पडदा होता तोवर बघू म्हणता येत होतं. तो माझ्यासमोर टांगलेला होता, मी त्याच्याकडे बघून शिक्षा भोगत होते, खिडक्या पुसत होते, माझं आणि देवाचं बरं चाललं होतं. आता तो त्यांच्या मांडीवर होता. शुक्रवारी त्या निघून गेल्या की वर्कशॉपात ती चूक कायमची त्यांच्या नावावर राहणार होती. मी बादलीतलं पाणी मोरीत ओतलं. खिडक्या पुसल्या नाहीत. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

मखमलताईंचं घर दोन बसथांब्यांवर, चालत जाण्याएवढ्या अंतरावर. मी चालत गेले, वाक्यं जुळवत. पहिलं वाक्य होतं, "ताई, तुमच्याशी जरा बोलायचंय." ते पहिल्याच चौकात टाकून दिलं, कारण असं म्हणून लोक उसनं मागतात. दुसरं होतं, "तुम्हाला तो पडदा आठवतो का," आणि तो पडदा त्या उसवत बसलेल्या असणार हे लक्षात आल्यावर मला रस्त्यातच हसू फुटलं. समोरून येणारा माणूस बाजूला झाला. भीती वाटत होती का? वाटत होती. त्या ओरडतील ही नव्हे. त्या "अगं बाई, खरंच का?" म्हणतील आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसेल की अकरा वर्षं त्या स्वतःला दोष देत होत्या, ही.

त्या गॅलरीत खुर्चीवर बसल्या होत्या, चष्म्यावर दुसरा चष्मा लावून. पडद्याची डावी बाजू कठड्यावर, उजवी मांडीवर. मला बघून म्हणाल्या, "आलीस? बस. कात्री आणली असशील तर बरं, माझी बोथट झालीये." मी बसले नाही. उभ्या उभ्याच म्हटलं, "ताई, ही बाजू मी उलटी कापली होती. तुमची चूक नव्हती. मास्तरांनी विचारलं तेव्हा मी गप्प राहिले." इतकं जुळवून शेवटी एवढंच निघालं. त्यांनी टाका उसवला, दोरा चिमटीत धरून बाजूला टाकला. म्हणाल्या, "हो गं. मशीनवर घेतली तेव्हाच कळलं. हाताला कळतं ना."

मी तेव्हा बसले. "मग जोडली कशाला?"

"कापड संपलं होतं. दुसरं मागवायचं तर मास्तर विचारणार, कापलं कोणी. तुझे नऊ दिवस राहिले होते." नऊ हा आकडा त्यांच्याही ध्यानात होता. "आणि खरं सांगू? मला वाटलं, चर्चमध्ये काळोखच असतो, कोणाला कळणार नाही. मुख्य टेबल जाईल असं वाटलं असतं तर मीसुद्धा दोनदा विचार केला असता. मी काही संत नाही. नंतर चार दिवस तुझं तोंड बघवत नव्हतं मला. वाटायचं, ही येईल, बोलेल. तू डबा उघडायचीस आणि न खाता बंद करायचीस. मग मी प्रार्थनेत म्हटलं, माफ करणं माझ्याच्याने होत नाही, तूच कर बाबा. सोमवारी उठले तर राग नव्हता. शोधला, नव्हता."

"कुठला सोमवार?"

"त्याच आठवड्यानंतरचा. म्हणजे आठ दिवस धर."

आठ दिवस. मी खिडक्यांना हात लावायच्या आधी. मला राग आला. हो, राग. माफी मागायला गेलेल्या माणसाला राग यावा याहून वेडेपणा कुठला, पण आला. म्हणजे पाचशेच्या वर शनिवार, हाताला पडलेल्या भेगा, पावसात, तापात, मुलीच्या परीक्षेच्या दिवसांत शिडीवर चढणं, सगळं कशासाठी? म्हटलं, "मग मी अकरा वर्षं खिडक्या कशाला पुसल्या?"

"त्यासाठी होत्या होय त्या?" त्यांनी दोन्ही चष्मे काढले. "मला वाटायचं, बाईला स्वच्छतेची भारी हौस. आणि काय झालं माहितीये का, तू पुसायला लागलीस तसा आत उजेड वाढला. तोवर बिचारा पडदा जेमतेम खपून जात होता. तुझ्या खिडक्यांनी तो लख्ख दिसायला लागला." असं म्हणून त्या हसायला लागल्या, आवाज न करता, खांदे हलवत, मांडीवरची मखमल घसरून खाली गेली. मला हसायचं नव्हतं. मी वाकून मखमल उचलली, झटकली, आणि हाताला लव लागली, उलटी, उभी राहिलेली. मग मीही हसले, आणि हसता हसता रडले, ते त्यांनी बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. म्हटलं, "मला सांगायचं तरी. एवढ्या वर्षांत एकदा." त्या म्हणाल्या, "काय सांगायचं? तू मागितली नव्हतीस. न मागता माफी नेऊन द्यायची म्हणजे तोंडावर मारल्यासारखं होतं. म्हटलं, येईल तेव्हा घेईल." आत जाऊन त्यांनी चहा टाकला. मी गॅलरीत बसून उरलेली शिवण उसवली. मला आईचा कोपर आठवला, भांडी उचलता उचलता दारावर घासलेला, आणि त्यावर पांढरा खडू. तो तिने धुवायच्या आधी नेहमी मला दिसायचा. त्या रेघा ती कोपरावर घेऊन फिरायची, आणि मी दारावर परत काढायचे. काय हट्टी मुलगी होते मी.

चहा पिताना म्हटलं, सोमवारी मास्तरांना सांगते. त्या म्हणाल्या, "सांग की. पण माझ्यासाठी नको, मला आता त्या टेबलाचं काय करायचंय? आणि माफ व्हावं म्हणूनही नको, ते झालंय." मग कशासाठी सांगू, असं विचारणार होते, पण विचारलं नाही. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत, सगळे डबे उघडून बसलेले असताना सांगितलं. मजा म्हणजे आवाज कापला नाही. इतकी वर्षं वाटायचं, हे बोलले तर नोकरी जाईल, मान जाईल. आणि आता जाण्यासारखं काही उरलंच नव्हतं असं नव्हे, नोकरी होती, मानही होता, फक्त त्यांची धाक घालायची ताकद गेली होती. मास्तर घास हातात धरून बसले. नंतर म्हणाले, "कमान वर होती. हे मला तेव्हा दिसायला हवं होतं." उठून ते कोपऱ्यातल्या टेबलापाशी गेले, मखमलताईंशी काहीतरी बोलले, आणि हात पुसायचा रुमाल विसरून तसेच आत निघून गेले. मी ताईंना विचारलं, काय म्हणाले? "म्हणाले, उरलेले चार दिवस मुख्य टेबलावर बसा. मी म्हटलं, नको, इथे वारा चांगला येतो." नाव मात्र बदललं नाही. कोणीतरी मला म्हणालं, आता मखमल तुम्ही. त्या कोपऱ्यातून म्हणाल्या, "गप्प बसा रे, नाव माझं आहे." शुक्रवारी मी टाळ्या वाजवल्या, जोरात.

काल शनिवार. खिडक्या पुसायला गेले. जायचं कारण काहीच नव्हतं, म्हणून तर गंमत वाटली. गाणं गुणगुणत पाच पुसल्या आणि कंटाळा आला, दोन तशाच सोडल्या, आणि घरी जाऊन झोपले. आज सकाळी चर्चमध्ये गेले तर समोर रंग दिलेली कोरी भिंत, आणि दुसऱ्या बाकावर नवी लांबलचक गादी. त्याच पडद्याची. अर्धी दाट, अर्धी फिकी, मधोमध सरळ शिवण; डोळे गेलेत म्हणतात, पण शिवण दोरीत होती. मखमलताई दाट अर्ध्यावर बसल्या होत्या आणि फिक्या अर्ध्यावर त्यांची पिशवी होती. मी सवयीने पाचव्या बाकाकडे वळले. पाय तिथवर गेले, थांबले, परत आले. मी दुसऱ्या बाकाच्या टोकाला उभी राहिले आणि पिशवीकडे बघत राहिले. त्यांनी वर न बघता ती उचलली आणि पायापाशी ठेवली.

"बस आता," त्या म्हणाल्या. "अकरा वर्षं जागा धरून मान आखडली माझी."